आयरिश वसाहतकार शेतकऱ्यांची वंशावळ : शोध कुठवर आला आहे?

आयर्लंड सोडून कॅनडात गेलेल्या आणि तिथले रान तोडून शेत उभे केलेल्या एखाद्या साध्या कुटुंबाची वंशावळ किती मागे नेता येते? राजघराण्यांच्या वंशावळी भाट आणि कारकून लिहून ठेवतात. खंडाने जमीन कसणाऱ्या माणसाची वंशावळ मात्र कुणी लिहून ठेवलेली नसते, ती शोधावी लागते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या शोधावर समाजेतिहासाचे अभ्यासक, दप्तरखान्यांत काम करणारे वंशावळकार, आपापल्या घराण्याचा माग काढणारे हजारो हौशी संशोधक आणि अलीकडे जनुकशास्त्रज्ञ यांनी मेहनत घेतली. त्यांची उत्तरे सगळीच एकमेकांशी जुळत नाहीत.

चर्चा मोघम होऊ नये म्हणून या आढाव्यात एकच वसाहत समोर ठेवली आहे. १८२५ साली आजच्या ओंटारिओ प्रांतात पीटरबरोच्या परिसरात वसवलेली ही आयरिश वसाहत पीटर रॉबिन्सनच्या नावाने ओळखली जाते. तिच्याइतकी तपशीलवार कागदपत्रे फार थोड्या आयरिश शेतकऱ्यांच्या वाट्याला आली आहेत. तेव्हा इथे जो धागा तुटतो, तो इतर कुटुंबांच्या बाबतीत बहुधा त्याआधीच तुटलेला असतो.

ही माणसे कुठून आली

नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपले आणि धान्याचे भाव कोसळले. आयर्लंडच्या दक्षिणेला, विशेषतः कॉर्क आणि लिमरिक परगण्यांत, खंड मात्र पूर्वीइतकाच राहिला. १८२१ ते १८२४ या काळात तिथे ‘कॅप्टन रॉक’ या टोपणनावाने शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन पेटले. लंडनमध्ये वसाहतखात्याचे उपसचिव असलेले रॉबर्ट विल्मट-हॉर्टन यांनी यावर एक तोडगा मांडला: गरीब कुटुंबांना सरकारी खर्चाने कॅनडात नेऊन जमीन द्यावी. माणसे निवडून नेण्याचे काम अप्पर कॅनडाच्या (म्हणजे आजच्या ओंटारिओच्या) महाधिवक्त्याचे थोरले भाऊ पीटर रॉबिन्सन यांच्याकडे आले.

१८२३ साली ‘हेबे’ आणि ‘स्टेक्सबी’ या दोन जहाजांतून ५६८ माणसे गेली आणि मुख्यतः ओटावा खोऱ्यात वसली. १८२५ साली नऊ जहाजांतून २,०२४ माणसे निघाली. त्यांना डूरो, एमिली, एनिस्मोर, ओटोनबी, अ‍ॅस्फोडेल अशा टाउनशिपमध्ये, म्हणजे मोजून आखलेल्या विभागांत, जमिनी मिळाल्या. पीटरबरो हे गावाचे नाव रॉबिन्सनवरूनच पडले. कुटुंबप्रमुखाला जमिनीचे तिकीट मिळे. त्यासोबत गाय, कुऱ्हाड, हातकरवत, सामता, खुरपणीची अवजारे, लोखंडी भांडे, बियाण्याचे बटाटे आणि थोडा मका मिळे. पहिले पीक हाती येईपर्यंत पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस हा शिधा सरकारकडून होता. माणशी वीस पौंडांहून अधिक खर्च आला आणि तो ब्रिटिश पार्लमेंटला जड वाटला. अशी तिसरी मोहीम निघाली नाही.

निवड कशी झाली, हा पहिला वादाचा मुद्दा. सरकारचे म्हणणे होते की गरजू आणि धडधाकट कुटुंबे निवडली. वेंडी कॅमेरून यांनी १९७६ च्या अभ्यासात दाखवले की शिफारशीची सूत्रे स्थानिक जमीनदार आणि दंडाधिकाऱ्यांच्या हातात होती. वंशावळ शोधणाऱ्याला हे माहीत असणे अतिशय आवश्यक आहे. एखादे कुटुंब यादीत का आले, याचे उत्तर पुष्कळदा त्या कुटुंबात सापडत नाही, ते ज्याची जमीन कसत होते त्या जमीनदाराच्या कागदांत सापडते. म्हणून आयर्लंडमधला शोध आडनावापासून सुरू न करता त्या जमीनदारीपासून सुरू करावा, असे अनुभवी संशोधक सांगतात.

कॅनडाकडचे दप्तर

कॅनडात १८६५ पूर्वी उतरलेल्या प्रवाशांच्या सलग जहाजयाद्या नाहीत. बहुसंख्य आयरिश कुटुंबांसाठी इथेच अंधार पडतो. रॉबिन्सनच्या माणसांचे भाग्य असे की ती सरकारी खर्चाने गेली, त्यामुळे प्रत्येकाची नोंद झाली. यादीतली एक ओळ कशी वाचायची ते पाहू. कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, मग बायको आणि मुले वयांसह. याच मोहिमेच्या कागदांत जहाजावरच्या शल्यवैद्याचे टिपण असते, म्हणजे कुणाला ताप आला, कुणाचे मूल दगावले, वाटेत कोण जन्मले. पुढे जमिनीचा क्रमांक येतो: टाउनशिप, कन्सेशन म्हणजे पट्टा, आणि लॉट म्हणजे त्या पट्ट्यातला तुकडा. माणूस आणि जमीन यांची गाठ इथे एकदा बसली की पुढची दोनशे वर्षे तिचा माग काढता येतो.

ओंटारिओतले काम बरेचसे जमिनीच्या आधाराने चालते ते यामुळेच. घर बांधणे, ठरावीक एकर रान मोकळे करणे आणि समोरचा रस्ता साफ करणे या अटी पुऱ्या झाल्याशिवाय पक्की सनद मिळत नसे. सनदेनंतरची प्रत्येक खरेदी, गहाण आणि वाटणी त्या लॉटच्या नोंदवहीत येते. ज्याने आपल्याकडची फेरफार नोंदवही चाळली आहे, त्याला हे दप्तर परके वाटणार नाही. १८७०-८० च्या दशकांत परगण्यांचे सचित्र नकाशासंग्रह छापले गेले. त्यांपैकी पुष्कळ नकाशांत लॉटवर मालकाचे नाव छापलेले आहे.

जनगणनांचा उपयोग मोठा, पण जपून करावा लागतो. १८५१ ची म्हणून ओळखली जाणारी गणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली आणि तिचे काही भाग हरवले आहेत. त्या गणनेत आणि १८६१ च्या गणनेत पुढच्या वाढदिवसाला किती वर्षे होतील ते विचारले होते. ते विसरले की जन्मसाल एका वर्षाने चुकते आणि त्या चुकीवर पुढची सगळी मांडणी उभी राहते. मूळच्या अडाणी किंवा अर्धसाक्षर माणसांची वये तीस, पस्तीस, चाळीस अशा ठोकळ आकड्यांत येतात, तेही लक्षात ठेवावे लागते. जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद ओंटारिओत १८६९ पासूनची. त्याआधीचा आधार चर्चच्या वह्या आणि थडग्यांवरचे लेख.

मला स्वतःला या दप्तरातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो शेतीगणनेचा. १८६१ च्या तक्त्यात एकेका शेताची गणती आहे: किती एकर लागवडीखाली, गहू किती बुशेल, वाटाणे किती, बटाटे किती, मेपलच्या रसाची साखर किती पौंड, लोणी किती पौंड, घरी विणलेले फ्लॅनेल किती यार्ड. लोणी काढणारी आणि फ्लॅनेल विणणारी ती बाई इतर कागदांत केवळ ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येते. इथे तिच्या वर्षभराच्या कष्टाचा आकडा आहे. वंशावळीच्या पुस्तकांत हा तक्ता क्वचितच छापला जातो, आणि तो छापला जावा असे मनापासून वाटते.

आयर्लंडकडची पोकळी

३० जून १९२२ रोजी आयरिश यादवी युद्धात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीतला सार्वजनिक दप्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचा जवळजवळ सगळा भाग, असंख्य मृत्युपत्रे आणि प्रोटेस्टंट चर्चच्या कित्येक वह्या त्यात गेल्या. दोष केवळ त्या आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ ची गणनापत्रके सरकारनेच आधी नष्ट केली होती आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. म्हणून संपूर्ण देशाची सलग मिळणारी सर्वांत जुनी गणना १९०१ ची. १८२५ साली देश सोडलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग शून्य.

उरते काय? १८२३ ते १८३८ च्या सुमारास चर्चच्या करासाठी केलेल्या जमीनधारकांच्या याद्या. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात छापली गेलेली जमीन-मोजणी. आणि कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, वह्या, ज्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. ग्रिफिथची यादी प्रसिद्ध आहे, पण १८२५ च्या कुटुंबासाठी ती एका पिढीने उशिरा येते. तिच्यात सापडतील ते मागे राहिलेले भाऊ आणि पुतणे. त्यांच्यावरून मूळ टाउनलँड ओळखता येते. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. असे साठ हजारांहून अधिक तुकडे आयर्लंडमध्ये आहेत, आणि तो नेमका सापडला नाही तर पुढचा शोध बहुतेक खुंटतो.

पॅरिशच्या वह्यांतली अडचण वेगळी. रॉबिन्सनची बरीच माणसे जिथून आली त्या उत्तर कॉर्कमधल्या कित्येक वह्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सुरू होतात. म्हणजे जहाजावर चढलेल्या मुलांचा बाप्तिस्मा मिळू शकतो, बापाचा क्वचितच. शिवाय नावांचा फेरफार: घरी डार्बी म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर जेरेमाया होतो, टाइग हा टिमोथी होतो, होनोरा कधी नोरा तर कधी हॅना लिहिली जाते. आडनावांपुढचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळतात आणि एका पिढीनंतर पुन्हा लागतात. कॉर्कमध्ये सुलिव्हन, मर्फी, मॅकार्थी ही आडनावे एकेका पॅरिशमध्ये डझनावारी घरांत असतात. एकाच पॅरिशमधल्या चार जॉन सुलिव्हनांपैकी आपला कोणता, हे ठरवणे हाच या संशोधनाचा गाभा आहे.

जून २०२२ मध्ये, त्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने नष्ट दप्तरखान्याची संगणकीय पुनर्रचना खुली झाली. इतरत्र उरलेल्या प्रती, उतारे आणि टिपणे तिथे एकत्र आणली जात आहेत. तिचे मोल मोठे आहे. पण खंडकरी शेतकऱ्याच्या ज्या गणनापत्रकाची दुसरी प्रतच कधी झाली नव्हती, ते यातून परत येणार नाही.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका पुराव्याच्या कडक शिस्तीची. तिचे म्हणणे असे की बाप-लेकाचा प्रत्येक दुवा स्वतंत्र कागदाने सिद्ध व्हावा, विरोधी पुराव्याचे निरसन व्हावे आणि निष्कर्ष लेखी मांडला जावा. ही मंडळी संगणकावर एकमेकांच्या नकला करून वाढलेल्या वंशवृक्षांवर कठोर टीका करतात आणि ती टीका रास्त आहे. एकाने लावलेला चुकीचा बाप शंभर ठिकाणी उतरला की तोच खरा ठरतो. परंतु १८०० पूर्वीच्या आयरिश खंडकऱ्याला ही कसोटी जशीच्या तशी लावली तर जवळजवळ कुणाचीच वंशावळ समुद्र ओलांडत नाही.

दुसरी भूमिका यावरच उत्तर शोधते. ब्रूस एलियट यांच्या १९८८ च्या ग्रंथात उत्तर टिपेरारीतून कॅनडात गेलेल्या ७७५ प्रोटेस्टंट कुटुंबांचा एकत्रित माग काढला आहे. एका कुटुंबाचा शोध तुटतो तिथे शेजाऱ्याचा, मेहुण्याचा, बाप्तिस्म्याच्या साक्षीदाराचा धागा पुढे नेतो. माणसे एकएकटी गेली नाहीत. आधी गेलेल्याने नंतरच्यांना ओढून घेतले, आणि पुढची स्थलांतरेही मोठ्या प्रमाणावर मुलांना जमीन मिळवून देण्यासाठी झाली, हे एलियट यांनी त्यातून दाखवले. वंशावळकार आणि इतिहासकार यांच्यातली भिंत या ग्रंथाने पाडली. या पद्धतीची मर्यादा इतकीच की ती एकट्यादुकट्या संशोधकाच्या आवाक्यातली नाही, आणि एलियट यांची कुटुंबे प्रोटेस्टंट होती. रॉबिन्सनची बहुसंख्य माणसे कॅथलिक. त्यांच्या गावाकडच्या नोंदी अधिक विरळ आहेत.

तिसरा वाद वंशावळीच्या अर्थाविषयी आहे. कर्बी मिलर यांनी १९८५ साली, हजारो पत्रांच्या आधारे, असे मांडले की आयरिश स्थलांतरित स्वतःला परागंदा समजत. गेले ते नाइलाजाने, आणि मागे राहिलेल्या देशाची हुरहुर त्यांच्या मनात कायम होती. डोनाल्ड एकेन्सन यांनी १९८४ साली ओंटारिओतल्या एका टाउनशिपचा बारकाईने अभ्यास करून जवळजवळ उलटे चित्र उभे केले. ओंटारिओतले आयरिश मुख्यतः खेड्यांत राहणारे, शेती करणारे, दोन तृतीयांश प्रोटेस्टंट, आणि पुष्कळसे १८४५ साली आयर्लंडमध्ये सुरू झालेल्या मोठ्या दुष्काळाआधीच आलेले. शेतकरी म्हणून ते इतरांच्या मागे नव्हते. आकडेवारीच्या बाबतीत एकेन्सन यांचे म्हणणे आज बऱ्याच अंशी मान्य झाले आहे. ओंटारिओतल्या १८७१ च्या गणनेत आयरिश वंशाचा गट सर्वांत मोठा होता. परंतु आकड्यांनी मनाचा प्रश्न सुटत नाही, आणि मिलर यांच्या पत्रांना तेवढ्याने उत्तर मिळत नाही.

घराण्यांच्या आठवणींत हा वाद रोज दिसतो. १८२५ साली सरकारी खर्चाने आलेल्या कुटुंबाच्या वंशजांना आपले पूर्वज १८४७ च्या दुष्काळातून जीव वाचवून आले असे सांगितलेले असते. त्या वर्षी कॅनडातल्या ग्रोस बेटावरच्या विलगीकरण केंद्रात पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. त्या आघाताने आधी आलेल्यांच्या आठवणीही आपल्यात ओढून घेतल्या असाव्यात. म्हणून तोंडी परंपरा खोटी मानून टाकून देणे बरोबर नाही. तिच्यातली तारीख पारखावी, पण ती का टिकली याचाही विचार व्हावा.

जॉन मॅनियन यांचे १९७४ चे काम या सगळ्यांच्या थोडे बाजूला उभे आहे आणि मला ते दुर्लक्षित वाटते. त्यांनी वंश सोडून अवजारे, घरे आणि शेतांची मांडणी पाहिली. पीटरबरोत प्रत्येकाचे घर आपल्या लॉटवर एकटे उभे राहिले, आयर्लंडमधली घरांची दाटी इथे उतरली नाही, आणि बरीच जुनी शेतीपद्धत लवकर मागे पडली. रक्ताचा धागा पुढे गेला तरी जगण्याची रीत त्याच्यासोबत गेलीच असे नाही.

जनुकांनी काय बदलले

गेल्या दशकात लाळेची चाचणी घरोघर पोहोचली. तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा-पणजी एकच आहेत अशा, चुलतभावंडांत साधारण नव्वद टक्के वेळा समान जनुकीय तुकडा सापडतो, चौथ्या पातळीवर निम्म्याच वेळा, आणि त्यापलीकडे शक्यता झपाट्याने घटते. १७९० च्या सुमारास कॉर्कमध्ये जन्मलेले जोडपे आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसापासून नेमके त्या कड्यावर आहे. त्यात एकाच पॅरिशमध्ये पिढ्यान्‌पिढ्या झालेली लग्ने. दोन माणसे कोणत्या वाटेने नातेवाईक आहेत हे त्यामुळे सांगता येत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आयरिश जनुक-नकाशाच्या अभ्यासात अशी माणसे निवडली होती ज्यांचे आठही पणजोबा-पणज्या पन्नास किलोमीटरच्या परिघातल्या होत्या. त्यातून मन्स्टर, अल्स्टर अशा जुन्या प्रांतांशी मिळतेजुळते जनुकीय गट दिसले. मात्र प्रांत कळणे वेगळे आणि वाडी कळणे वेगळे. जनुक-चाचणीचे खरे सामर्थ्य कागदावरच्या दोन शक्यतांपैकी एक खोटी ठरवण्यात आहे. ‘तुम्ही इतके टक्के आयरिश’ या आकड्यावरून वंशावळ लिहू नये, याबद्दल गंभीर अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठा प्रश्न स्त्रियांचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असेल तर एक पिढी मागे जाता येते, नाही तर ती तिथेच थांबते. वंशावळी आडनावाच्या वाटेने चालतात, त्यामुळे अर्धे घराणे दिसेनासे होते. दुसरा प्रश्न भूमिहीनांचा. तिकीट मिळूनही ज्यांनी लॉट सोडला, जे मजुरीला अमेरिकेकडे सरकले, त्यांची वंशावळ लिहिणारे कुणी उरत नाही. टिकलेल्यांच्याच कहाण्या शिल्लक राहतात आणि वसाहत जितकी यशस्वी होती त्याहून अधिक यशस्वी दिसते.

तिसरा प्रश्न ‘पहिले वसाहतकार’ या कल्पनेचाच आहे. रॉबिन्सनची माणसे जिथे उतरली ती जमीन मिसिसॉगा अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांची. नोव्हेंबर १८१८ च्या विसाव्या करारान्वये सुमारे १९ लाख ५१ हजार एकर जमीन वर्षाला ७४० पौंडांच्या मालाच्या बदल्यात राजसत्तेने घेतली, आणि सातच वर्षांनी तिचे तुकडे पडले. पुढे १९२३ च्या विल्यम्स करारांनी या लोकांच्या शिकारीच्या आणि मासेमारीच्या हक्कांवरही गदा आली. त्या करारांबाबत सात अनिशिनाबे समाजांशी समझोता आणि सरकारची माफी २०१८ साली आली. घराण्याचे पुस्तक सनदेच्या तारखेपासून सुरू करावे की १८१८ पासून, यावर आज मतभेद आहेत. काहींच्या मते वंशावळ ही वंशापुरती असावी. मला स्वतःला दुसरी बाजू पटते. लॉटचा इतिहास सांगायचा तर तो मध्येच सुरू करता येत नाही.

आज चित्र असे आहे: रॉबिन्सनच्या एखाद्या कुटुंबाची कॅनडातली दोनशे वर्षे जमीन, चर्च आणि गणना यांच्या आधारे निश्चितपणे लिहिता येतात. आयर्लंडमधली एक पिढी जहाजयादी, पॅरिशची वही आणि शेजाऱ्यांचा माग यांवरून बऱ्यापैकी उभी करता येते. त्यामागची पिढी बहुतेक वेळा अंदाजाने लिहावी लागते, आणि तिथे ‘बहुधा’ हा शब्द छापलाच पाहिजे. एलियट यांनी टिपेरारीच्या कुटुंबांसाठी जे केले, ते उत्तर कॉर्कच्या कॅथलिक कुटुंबांसाठी त्याच तोलामोलाने व्हायला हवे. २०१५ पासून वह्या खुल्या आहेत, याद्या छापलेल्या आहेत, जमिनीचे दप्तर जागेवर आहे. आता गरज आहे ती एकेका घराण्याऐवजी अख्ख्या पॅरिशवर एकत्र काम करणाऱ्या संशोधकांची.